कंपनी नेमकी कुठे राहते? करकायद्यातला एक अवघड धडा आणि तिथे अडणारे विद्यार्थी

कृष्णाकाठ

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात मी एम. कॉम.च्या वर्गाला प्रत्यक्ष कर हा विषय शिकवते. वर्गातील बरीच मुले त्यांच्या घरातील पहिलीच पदवीधर असतात, बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली असतात, आणि काही जण सकाळी एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात विवरणपत्रे भरण्याचे काम करून दुपारी वर्गात येतात. व्यक्तीचे निवासत्व, म्हणजे करासाठी ती भारताची रहिवासी आहे की नाही, हे त्यांना लवकर समजते. वर्षात भारतात १८२ दिवस, नाहीतर ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांतले ३६५ दिवस, एवढे मोजले की उत्तर हाती येते. कंपनीचे निवासत्व आले की मात्र तीच मुले थांबतात, कारण कंपनी विमानाने ये-जा करत नाही आणि मोजायला दिवसच उरत नाहीत.

नियम थोडक्यात असा आहे. आयकर अधिनियम १९६१च्या कलम ६(३) प्रमाणे भारतीय कंपनी नेहमीच रहिवासी असते. परदेशात नोंदलेली कंपनी पूर्वी रहिवासी ठरायची ती तिच्या कारभाराचे नियंत्रण आणि व्यवस्थापन त्या वर्षात ‘संपूर्णपणे’ भारतात असले तरच. त्यामुळे संचालक मंडळाची एखादी सभा परदेशात घेतली की कंपनी सहज अनिवासी होऊ शकत असे. २०१५च्या वित्त अधिनियमाने हा शब्द गेला आणि ‘प्लेस ऑफ इफेक्टिव्ह मॅनेजमेंट’ ही कसोटी आली, जिला सगळे ‘पोएम’ म्हणतात. ती प्रत्यक्षात लागू झाली २०१७-१८ या कर-निर्धारण वर्षापासून. संपूर्ण व्यवसाय चालवण्यासाठी आवश्यक असलेले महत्त्वाचे व्यवस्थापकीय आणि व्यापारी निर्णय वस्तुतः जिथे घेतले जातात, ते ठिकाण म्हणजे पोएम.

माझी मुले ही व्याख्या इंग्रजीत शब्दशः पाठ करून लिहितात आणि तिचे पूर्ण गुण मिळवतात. पुढच्याच प्रश्नात एखाद्या कंपनीची माहिती देऊन निवासत्व विचारले, की कुणी कंपनीची नोंदणी पाहून उत्तर देतो, तर कुणी मालक भारतीय आहे एवढ्यावरच तिला रहिवासी ठरवतो. सुरुवातीला मी यावर सोपा उपाय केला. धडा आणखी सोपा केला, तक्ते दिले, पायऱ्या आखून दिल्या. व्याख्येचे गुण वाढले, पण उदाहरणे जिथल्या तिथेच राहिली. शेवटी एका विद्यार्थिनीने तासानंतर थांबून मला सांगितले, “मॅडम, व्याख्या येते, पण ‘वस्तुतः’ म्हणजे नेमके कुठे बघायचे, ते कुणी दाखवलेले नाही.” तिचे म्हणणे खरे होते. मी तिला शब्द दिले होते, पण ज्या कागदांवर ते शब्द लावायचे, ते कागद तिने कधी पाहिलेच नव्हते.

म्हणून गेल्या सत्रात मी कलमाच्या आधी डी बिअर्सचा खटला सांगितला. कंपनी दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली, मुख्य कार्यालय किंबर्लीला, खाणी तिथेच आणि हिरेही तिथेच निघणारे. संचालकांच्या सभा किंबर्लीतही होत आणि लंडनमध्येही. पण बहुसंख्य संचालक इंग्लंडात राहत, आणि हिरे विक्रीचे करार, खाणींचा विकास, नफ्याचे काय करायचे या गोष्टी लंडनमध्ये ठरत. १९०६ मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड लोरबर्न यांनी कंपनीचे केंद्रीय नियंत्रण जिथे प्रत्यक्ष नांदते तिथे ती राहते असे ठरवले आणि डी बिअर्स इंग्लंडची करदाती झाली. हे ऐकल्यावर वर्गाने न सांगता विचारले की लंडनमध्ये ठरत होते, हे न्यायालयाला कसे कळले? मला नेमका हाच प्रश्न हवा होता.

त्यानंतर चार-चार जणांच्या गटांना मी एका काल्पनिक कंपनीची फाइल दिली. तिच्यात सभांची इतिवृत्ते, संचालकांमधला पत्रव्यवहार, प्रवासाची बिले आणि पगारपत्रक होते. प्रश्न दोनच होते. निर्णय खरोखर कोण घेते, आणि तो घेताना ती व्यक्ती कुठे असते? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या जानेवारी २०१७च्या परिपत्रक क्रमांक ६ मध्येही याच दोन पायऱ्या याच क्रमाने आहेत. गटांनी आपल्या हाताने उत्तर काढल्यानंतर परिपत्रक वाचायला दिले, तेव्हा ते त्यांना परके वाटले नाही.

माझी अडचण वेळेची आहे. हा एक धडा पूर्वी दोन तासांत संपत असे, आता त्याला सहा तास लागतात, आणि अभ्यासक्रम तेवढाच आहे. शिवाय नोकरी करणारी मुले गटाच्या तासाला नेमकी गैरहजर राहतात, म्हणजे ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे तीच मुले निसटतात. आपण हे कसे हाताळता?

जमाखर्च

ताई, मी पुण्यात सनदी लेखापाल म्हणून काम करतो आणि माझ्या कार्यालयात आर्टिकलशिप करणारी मुले असतात. आपला अनुभव अगदी ओळखीचा आहे, पण सुरुवात कुठून करावी याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे.

मी मुलांना प्रथम पात्रता तपासायला लावतो. फेब्रुवारी २०१७च्या परिपत्रक क्रमांक ८ नुसार ज्या परदेशी कंपनीची वर्षाची उलाढाल किंवा एकूण प्राप्ती ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी आहे, तिला परिपत्रक क्रमांक ६ मधली पोएमची मार्गदर्शक तत्त्वे लागत नाहीत. त्या पुढच्या कंपन्यांसाठी दुसरा प्रश्न असतो की कंपनीचा भारताबाहेर सक्रिय व्यवसाय आहे का. तो असेल आणि मंडळाच्या बहुसंख्य सभा बाहेर होत असतील, तर पोएम बाहेर आहे असे आधी गृहीत धरतात. त्यासाठी निष्क्रिय उत्पन्न (व्याज, भाडे यांसारखे, किंवा आपल्याच समूहातल्या म्हणजे ‘संबंधित’ कंपन्यांकडून घेऊन संबंधित कंपन्यांनाच विकण्याचे) एकूण उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि मालमत्ता, कर्मचारी आणि कर्मचाऱ्यांवरचा पगारखर्च यांपैकी प्रत्येकाचा भारतातला वाटा ५० टक्क्यांपेक्षा कमी असावा. ही सर्व मोजमापे चालू वर्ष आणि आधीची दोन वर्षे यांच्या सरासरीवर करायची असतात. आकड्यांचा भाग आधी हातात आला की मुलांना धीर येतो, आणि मग ‘वस्तुतः’ या अवघड शब्दाकडे ती निर्भयपणे वळतात.

आकड्यांतही चुका होतातच. परिपत्रक क्रमांक ६ मधले पहिलेच उदाहरण घ्या. कंपनीचे ३० टक्के उत्पन्न त्रयस्थाकडून खरेदी करून संबंधित कंपनीला विकण्यातून आहे, ३० टक्के संबंधित कंपनीकडून खरेदी करून त्रयस्थाला विकण्यातून, ३० टक्के दोन्ही बाजू संबंधित असलेल्या व्यवहारांतून, आणि १० टक्के व्याज. निष्क्रिय उत्पन्न किती? बहुतेक मुले ‘संबंधित’ हा शब्द दिसेल तिथे बेरीज करत जातात आणि १०० टक्क्यांवर पोचतात. उत्तर ४० टक्के आहे, कारण खरेदी आणि विक्री या दोन्ही बाजूंना संबंधित कंपनी असेल तरच तो व्यवहार निष्क्रिय धरला जातो. त्याच्या लगेच पुढचे उदाहरण मला फार आवडते. तीच कंपनी, ५० कर्मचारी, त्यांपैकी ४७ परदेशात. भारतात राहणारे फक्त तिघे, पण ते व्यवस्थापकीय संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि विक्रीप्रमुख. वर्षाचा पगार ५ कोटी आणि त्यांतले ३ कोटी या तिघांचे. बाकी सगळ्या कसोट्या उतरल्या तरी या एका आकड्यावर कंपनीचा सक्रिय व्यवसायाचा दावा कोसळतो.

आणखी एक गोष्ट जरूर शिकवा. परदेशी कंपनी पोएममुळे रहिवासी ठरली तरी ती ‘परदेशी कंपनी’च राहते. मुले पटकन तिला देशी कंपनीचा २२ टक्क्यांचा दर लावून मोकळी होतात. २०२४च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने परदेशी कंपनीचा दर ४० वरून ३५ टक्क्यांवर आला आहे, आणि रहिवासी ठरल्यावर तो तिच्या जगभरच्या उत्पन्नाला लागतो. म्हणून हा प्रश्न एवढा जिव्हाळ्याचा असतो.

सीनानदी

मी माजी विद्यार्थी म्हणून लिहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील एका गावातून मी शहरात शिकायला आलो, विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करत शिकलो आणि आता एका कंपनीच्या कर विभागात आहे.

जमाखर्च सरांचा क्रम कार्यालयात योग्यच आहे, पण वर्गात तो उलटा पडतो असे मला वाटते. आम्हाला आकड्यांची भीती कधीच नव्हती. आकडे आले की आम्ही त्यांतच लपून बसायचो, कारण तिथे इंग्रजी कमी लागायचे. परीक्षेत टक्केवारी बरोबर काढायची आणि शेवटच्या ‘म्हणून कंपनीचे निवासत्व’ या ओळीवर पेन थांबायचे. निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत मांडण्याची सवय आम्हाला कुणी लावली नव्हती.

आमच्या महाविद्यालयात अशा मुलांसाठी ‘उपचारात्मक वर्ग’ असायचा. त्या शब्दाने काय होते, हे शिक्षकांना कदाचित कळत नसेल. त्या वर्गाला जाणाऱ्या मुलांची नावे सूचना फलकावर लागायची आणि ती यादी आम्ही आजारी आहोत असे सांगत उभी असायची. पहिल्या आठवड्यानंतर मी गेलो नाही. तिथे पुन्हा तोच धडा, फक्त हळू आवाजात आणि आणखी सोपा करून शिकवला जायचा. मला सोपे नको होते. मला अवघड प्रश्न कुणासोबत तरी बसून सोडवायचा होता.

ज्या गोष्टीने मी तरलो, ती फार साधी होती. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत रात्री नऊपर्यंत बसायची परवानगी एका प्राध्यापकांनी मिळवून दिली. आम्ही पाच जण तिथे बसायचो. एक जण इंग्रजी उतारा वाचायचा, दुसरा तो मराठीत सांगायचा, तिसरा त्यात चूक काढायचा. मराठीत सांगताना चोरी लगेच उघडी पडायची. ज्याला समजलेले नाही, त्याला ते मराठीत सांगताच येत नाही. नियंत्रण आणि व्यवस्थापन हे दोन वेगळे शब्द का आहेत, यावर आमचा एक पूर्ण आठवडा गेला होता, आणि तो वाया गेला असे मला आजही वाटत नाही.

मॅडम, नोकरी करणाऱ्या मुलांसाठी गटाचा तास दुपारी ठेवू नका. ती संध्याकाळी सातनंतर मोकळी होतात, आणि वसतिगृहाचे दार किंवा शेवटची एसटी किती वाजता आहे, हे त्यांना विचारूनच वेळ ठरवा.

त्रिज्या

मी गणित शिकवते, त्यामुळे करकायद्यावर बोलणार नाही, पण सीनानदी यांनी जे सांगितले त्याला आमच्या विषयात एक प्रसिद्ध आधार आहे. १९७०च्या दशकात गणिताचे अध्यापक यूरी ट्राइसमन यांनी अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. घरचे वातावरण, इच्छेचा अभाव, कच्चा पाया अशी जी कारणे सगळे गृहीत धरत होते, ती प्रत्यक्षात टिकली नाहीत. फरक दिसला तो अभ्यासाच्या पद्धतीत. ही मुले एकटी अभ्यास करत, तर त्याच वर्गातील चिनी वंशाची मुले आधी एकेकटी अभ्यास करून नंतर एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत आणि परीक्षेत काय येईल याची देवाणघेवाण करत. ट्राइसमन यांनी त्यावर जी कार्यशाळा उभी केली, ती मागे पडलेल्यांची म्हणून नव्हे, तर जास्त अवघड उदाहरणे सोडवू इच्छिणाऱ्यांची म्हणून जाहीर केली. यादीला कोणते नाव द्यायचे, यावर मुलांनी यायचे की नाही हे बरेचसे ठरते.

टेम्सकाठी

गेली काही वर्षे मी लंडनमध्ये करविषयक काम करतो. कृष्णाकाठ यांनी डी बिअर्सपासून सुरुवात केली, याचा आनंद झाला, पण मराठी मुलांसाठी त्याहून जवळचा खटला उपलब्ध आहे. १८७६ साली ‘कलकत्ता ज्यूट मिल्स’चा निकाल लागला. कंपनी इंग्लंडात नोंदलेली, ताग गिरणी बंगालमध्ये, सगळा धंदा तिथे, पण संचालक मंडळ लंडनमध्ये. न्यायालयाने तिला इंग्लंडची रहिवासी ठरवले. त्याच वेळी इटलीत गंधकाच्या खाणी असलेल्या ‘चेझेना’ कंपनीबाबतही तसाच निकाल झाला. ताग बंगालचा, मजूर बंगालचे आणि कर लंडनला, हे चित्र आपल्या मुलांना हिऱ्यांपेक्षा लवकर भिडेल.

दुसरा खटला ‘युनिट कन्स्ट्रक्शन’चा आहे, १९५९चा. पूर्व आफ्रिकेतल्या उपकंपन्यांच्या नियमावलीत लिहिलेले होते की संचालकांच्या सभा ब्रिटनबाहेरच होतील. पण धंदा तोट्यात गेल्यावर लंडनच्या मूळ कंपनीने सगळे निर्णय स्वतःकडे घेतले, आणि स्थानिक संचालक बाजूला राहिले. उपकंपन्या ब्रिटनच्या रहिवासी ठरल्या. विशेष म्हणजे त्या रहिवासी आहेत असा दावा स्वतः करदात्या युनिट कन्स्ट्रक्शन या समूहातल्याच कंपनीने केला होता, कारण उपकंपन्यांना दिलेल्या रकमेची वजावट मिळण्यासाठी तिला ते हवे होते. निवासत्व नेहमी सरकारलाच हवे असते हा समज या एका खटल्याने दूर होतो.

देशादेशांतल्या नियमांची फट दाखवायची असेल, तर ‘अॅपल’चे उदाहरण द्या. २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे उघड झाले की तिची आयर्लंडमध्ये नोंदलेली एक कंपनी कोणत्याच देशाची कर-रहिवासी नव्हती. अमेरिका नोंदणी पाहते आणि नोंदणी आयर्लंडची होती. आयर्लंड तेव्हा नियंत्रण पाहत होते आणि नियंत्रण अमेरिकेतून होत होते. नंतर आयर्लंडने २०१५ पासूनच्या नव्या कंपन्यांसाठी नोंदणी हाही आधार केला आणि जुन्या कंपन्यांना २०२० अखेरपर्यंत मुदत दिली. ब्रिटनने नोंदणीचा आधार १९८८ मध्येच स्वीकारला होता.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘उपचारात्मक’ हा शब्द आमच्या सूचना फलकावरही आहे, आणि तो मी या आठवड्यात काढून घेणार आहे. गटाची वेळही संध्याकाळी सात करत आहे.

जमाखर्च सर, तुमचा क्रम मी नाकारत नाही. दोन्ही बाजू ऐकून मला असे वाटते की पहिल्या दिवशी खटला, दुसऱ्या दिवशी तुमची उलाढालीची आणि ५० टक्क्यांची गाळणी आणि शेवटी फाइल, असा क्रम लावावा. भारतातल्या भारतात कंपनीचे निवासत्व कसे वादाचे होऊ शकते, हे दाखवण्यासाठी ‘मानसरोवर कमर्शियल’चा एप्रिल २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही मी घेणार आहे. सिक्कीमला भारताचा आयकर अधिनियम १९९०-९१ या कर-निर्धारण वर्षापासून लागू झाला. त्याआधीच्या वर्षांसाठी सिक्कीममध्ये नोंदलेल्या मानसरोवर आणि इतर काही कंपन्यांनी आपण भारतात अनिवासी आहोत असे म्हटले होते. पुरावा पाहता त्यांचा संपूर्ण कारभार दिल्लीतील त्यांच्या लेखापरीक्षकाच्या हाती असल्याचे दिसले आणि त्या रहिवासी ठरल्या. तो जुन्या, ‘संपूर्णपणे’ या कसोटीचा खटला आहे, तरीही न्यायालय कोणते कागद पाहते हे त्यातून उत्तम कळते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या अधिनियमाची जागा २०२५चा अधिनियम घेतो, पण पोएमची कसोटी त्यातही कायम आहे.

पुढच्या सत्रासाठी तयार केलेले उदाहरण इथे ठेवते. सर्व माहिती काल्पनिक आहे.

नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदार कंपनीची रॉटरडॅमला नोंदलेली, संपूर्ण मालकीची उपकंपनी आहे. उलाढाल ८० कोटी. ती द्राक्षे नाशिकच्या कंपनीकडून घेते आणि युरोपातील त्रयस्थ साखळी दुकानांना विकते. शीतगृहे आणि साठा रॉटरडॅमला. १४ कर्मचाऱ्यांपैकी १२ तिकडे, दोघे नाशिकला. पगारखर्च ४ कोटी, त्यांत नाशिकच्या दोघांचे ९० लाख. वर्षातल्या चारही सभा रॉटरडॅमला होतात. पण दर सोमवारी नाशिकहून पत्र जाते, त्यात कोणत्या दुकानाला कोणत्या भावाने विकायचे, किती उधारी द्यायची आणि कोणते कर्ज घ्यायचे हे लिहिलेले असते. रॉटरडॅमच्या इतिवृत्तात तेच शब्द ठरावाच्या रूपात उतरतात. लेखापद्धती आणि कर्मचारी धोरणही नाशिकचेच आहे.

सीनानदी

मॅडम, परीक्षेला बसल्यासारखे उत्तर लिहितो.

उलाढाल ५० कोटींच्या वर, म्हणून तत्त्वे लागतात. विक्री त्रयस्थांना असल्याने व्यापाराचे उत्पन्न निष्क्रिय नाही. मालमत्ता आणि कर्मचारी बहुतांश बाहेर, आणि पगारातला भारताचा वाटा साडेबावीस टक्के. म्हणजे भारताबाहेर सक्रिय व्यवसाय आहे. बहुसंख्य सभा बाहेर होत असल्याने पोएम बाहेर आहे असे गृहीत धरले जाईल. परंतु भाव, उधारी आणि कर्ज हे सर्व निर्णय नाशिकहून येतात, लेखापद्धती आणि कर्मचारी धोरणही नाशिकचेच आहे, आणि मंडळ केवळ सही करते. म्हणून मंडळ बाजूला उभे आहे, ते गृहीतक टिकत नाही आणि कंपनी भारतात रहिवासी ठरेल.

कृष्णाकाठ

उत्तर बरोबर आहे, पण कारणांपैकी एक काढून टाका. मूळ कंपनीने संपूर्ण समूहासाठी आखलेले लेखापद्धती, कर्मचारी व्यवस्थापन यांसारखे सर्वसाधारण धोरण उपकंपनीच्या मंडळाने पाळले, एवढ्यावरून मंडळ बाजूला उभे आहे असे म्हणता येत नाही, असे परिपत्रक क्रमांक ६ स्पष्ट सांगते. तुमचे उत्तर टिकते ते सोमवारच्या पत्रांतील भाव, उधारी आणि कर्ज या तीन गोष्टींवर, कारण ते त्या एका कंपनीच्या धंद्याचे ठोस निर्णय आहेत. आणि कर-निर्धारण अधिकाऱ्याला हे एकट्याने ठरवता येत नाही, हेही उत्तराच्या शेवटी लिहा. चौकशी सुरू करण्याआधी त्याला प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांची पूर्वसंमती लागते आणि निष्कर्षाआधी प्रकरण तीन आयुक्तांच्या मंडळापुढे जाते. नेदरलँड्स तिला आपली रहिवासी मानेलच, त्यामुळे त्यानंतर दोन देशांमधील कर-करार उघडावा लागेल. तो आमच्या वर्गाचा सातवा तास.